तुम्ही पेटीत ठेवून गेलेली अंडी

निर्मलाताई,

तुम्ही गेलात तेव्हा वरच्या मजल्यावर तुमची पेटी चालू होती. घरात माणसं भरली होती. कोणी रडत होतं, कोणी अमोलला फोनवर विमानाची वेळ विचारत होतं. तुमच्या अंगावरची चादर सारखी करायला मी वाकले आणि कोपऱ्यातल्या थर्मोकोलच्या खोक्यातून त्या लहान पंख्याची घरघर ऐकू आली. बल्ब पेटत होता, विझत होता. वरच्या काचेतून आत पाहिलं तर तुमची बदकाची अंडी होती तशी रांगेत. पेन्सिलीने काढलेल्या फुल्या सगळ्यांच्या वरच्या बाजूला होत्या, म्हणजे सकाळी उठल्याबरोबर तुम्ही ती फिरवली होती. मग चहा ठेवला, आणि ओट्यापाशीच खाली बसलात. डॉक्टर म्हणाले, हृदय. आम्ही जिना चढून येईपर्यंत सगळं संपलं होतं. चहा मात्र उकळत होता, तो मीच बंद केला.

भेटायला येणाऱ्या बायका मला म्हणतात, जावाजावा असून किती जीव होता गं तुमचा. मी मान हलवते. त्यांना काय सांगू, की हा जीव जेमतेम वर्षभराचा? त्याआधी इतकी वर्षं चौबे कॉलनीतल्या या एका घरात तुम्ही वर आणि मी खाली अशा आपण चांगल्या शेजारणीसारख्या राहिलो. भाजीची वाटी वर जायची, झाकण घालून दुसरी वाटी खाली यायची. संक्रांतीला वाण, दिवाळीला फराळ. भांडण कधीच नव्हतं. मी वर्ध्याहून लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही कमी बोलायच्या, आणि मी समजले की तुम्हाला मी आवडले नाही. तुम्ही काय समजलात हे विचारायचं राहिलं. मग माझी शाळेतली नोकरी, तुमचा अमोल, मोठ्या भाऊजींचं आजारपण, त्यांचं जाणं. एवढ्या सगळ्यातून आपण दोघी गेलो, पण एका खाटेवर बसून बोललो असं आठवत नाही.

बोललो ते बदकांमुळे.

गेल्या हिवाळ्यात तुम्ही अभनपूरला माहेरी गेला होता. तुमच्या धाकट्या भावाच्या तळ्यावरची बदकीण कुत्र्याने मारली. ती बसायची त्या पैऱ्यात, म्हणजे भाताच्या पेंढ्यात, अंडी अजून कोमट होती. भाऊ म्हणाला होता की आता ती कुत्र्यालाच जातील. तुम्ही ती स्टीलच्या डब्यात भुसा घालून पदराखाली धरून बसने रायपूरला आणली. दारात मला म्हणालात, "माधुरी, तू सायन्स शिकवत होतीस नं? ह्यायले गरमी कशी द्याची, सांग मले."

निवृत्त झाल्यापासून मला कोणी काही विचारलं नव्हतं. मी त्या दिवशी जेवण झाल्यावर आवरलंसुद्धा नाही. औषधाच्या दुकानातून थर्मोकोलचं खोकं आणलं, ह्यांच्याकडून बल्ब आणि उष्णता राखणारा तो लहानसा खटका बसवून घेतला, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा लावला, फोटोफ्रेमची काच झाकणात बसवली. तापमान साडेसदतीसच्या आसपास राहिलं पाहिजे, आत पाण्याची वाटी पाहिजे, अंडी दिवसातून अनेकदा फिरवली पाहिजेत, हे सगळं मी वाचून, व्हिडिओ पाहून तुम्हाला सांगत होते. तुम्ही ऐकून घ्यायच्या. मधेच म्हणायच्या की बदकीण तळ्यातून ओल्या अंगानं येऊन बसते, तर आपणही रोज थोडं पाणी शिंपडलं पाहिजे. मी शोधलं, तर तेही बरोबर होतं. मग रोज दुपारी आपण झाकण काढून अंडी थोडी निववायचो, कोमट पाण्याचा हात फिरवायचो. मी वर येऊ लागले. जिन्याच्या पायऱ्या किती उंच आहेत हे मला तेव्हा कळलं, आणि तुम्ही त्या रोज चढताय हेही.

शेवटच्या दिवसांत पेटी उघडायची नाही, असा नियम मी घातला होता. आत दमटपणा भरपूर लागतो. झाकण उघडलं की तो निघून जातो, कवचाच्या आतला पडदा वाळतो आणि पिल्लाच्या अंगाला चिकटतो. तुम्ही काचेवर नाक टेकवून बसायच्या. पहिलं अंडं टिचलं तेव्हा तुम्ही मला हाक मारली नाही, तुम्ही जिन्यावरून खाली आलात आणि माझ्या हाताला धरून वर घेऊन गेलात. तसा हात तुम्ही माझा कधी धरला नव्हता.

चार पिल्लं आपली आपण आली. ओली, काळीपिवळी, धडपडणारी. आणि पाचवं अडकलं.

त्या पाचव्यावरून आपलं भांडण झालं, आणि ते अजून मिटलेलं नाही, ताई, म्हणून हे लिहितेय.

त्याच्या कवचाला चांदणीसारखी भेग पडली होती, चोचीचं टोक दिसत होतं. बाकीची वाळून, गोंडस होऊन टोपलीत गेली तरी हे तिथेच. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा आवाज बारीक झाला. तुम्ही म्हणालात, "मी हात लावते." मी तुम्हाला समजावलं. कवचाच्या आत रक्तवाहिन्या असतात, पिल्लू बाहेर येण्याआधी ते रक्त त्याच्या अंगात ओढून घेतं. टोच मारल्यावर बदकाचं पिल्लू तासन्‌तास निजून राहतं, ते त्याचंच काम चाललेलं असतं. आपण घाईने कवच सोललं तर रक्त वाहून ते जाईल. हे सगळं खरं होतं आणि अजूनही खरं आहे. तुम्ही पुढे केलेला हात मागे घेतला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिलात. दिवेलागणीला चोच हलायची थांबली.

मग तुम्हीच ते अंडं उघडलं. पिल्लू पूर्ण झालेलं होतं. नखंसुद्धा. पडदा वाळक्या कागदासारखा त्याच्या मानेला गुंडाळला होता. तुम्ही म्हणालात, "आपण उशीर केला."

मी म्हणाले, कदाचित मुळातच अशक्त असेल. तुम्ही म्हणालात, "असंल." कढीपत्त्याच्या झाडाखाली ते पुरून आलात आणि टोपलीतल्या चौघांना पाणी दिलं, उथळ ताटलीत खडे घालून, बुडू नयेत म्हणून.

पुढे कित्येक महिने तो विषय आपण गमतीत काढायचो. मी जिन्यात थकून उभी राहिले की तुम्ही वरून म्हणायच्या, थांब, थांब, तुझ्या पुस्तकात थांबायचं लिहिलंय. मी म्हणायचे, आणि तुम्ही कच्ची पोळीही तव्यावरून काढता. हसायचो. पण त्या हसण्याखाली तुम्हाला काहीतरी टोचत होतं. मला ते तेव्हा कळलं नाही.

चार पिल्लं वाढली तशी गच्ची त्यांना पुरेना. सगळीकडे घाण, आणि सकाळी सकाळी असा गलका की ह्यांचा पेपर वाचून होईना. मग आपण दोघी त्यांना अभनपूरला सोडायला गेलो. मांडीवर क्रेट, क्रेटमधून निघालेल्या चार माना, आणि बसमधला प्रत्येक माणूस विचारतोय, दीदी, कितने में दोगी? तुम्ही गंभीर चेहऱ्याने सांगत होता, हे घरचेच लोक आहेत, विकायचे नाहीत. मला हसू आवरेना. अशा दोघीच कुठेतरी आपण पहिल्यांदाच निघालो होतो. तळ्यात उतरली तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं नाही आणि तुम्ही म्हणालात, बरं झालं. परत येताना खिडकीशी तुम्हाला झोप लागली, डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी उतरायच्या जागेपर्यंत खांदा हलवला नाही. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंही नाही.

पावसाळा सरल्यावर भावाचा फोन आला. आपली बदकं अंडी घालतात, पण त्यांवर बसत नाहीत, इकडे तिकडे टाकून पाण्यात जातात. तुमचा आवाज खालपर्यंत आला, "हव, हव, ठेवून दे. मी येते न्यायले."

पेटी पुन्हा लागली. आठवडाभराने आपण कोठीच्या खोलीत दार लावून, पुठ्ठ्याला भोक पाडून मोबाइलच्या उजेडात एकेक अंडं पाहिलं. दोन कोरी होती. बाकीच्यांत त्या लाल शिरा कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या, आणि मधे एक काळा ठिपका. एका अंड्यातला ठिपका हलला. तुम्ही ते हातात धरूनच राहिलात. अंधारात मला तुमचा चेहरा दिसत नव्हता, फक्त बोटांच्या कडा लाल दिसत होत्या.

तुम्ही म्हणालात, "माझी एक पोट्टी होती, माधुरी. अमोलच्या आधी. अशीच हालत होती पोटात. दवाखान्यात मी सांगून राहिली की आता काही करा, मले बरं वाटून नाही राहिलं. ते म्हणत, थांबा, अजून वेळ आहे. मी थांबली."

एवढंच. मग खाली बेल वाजली. गॅसवाला होता. मी खाली गेले, सिलिंडर घेतला, वर आले तेव्हा तुम्ही दार उघडलं होतं, अंडी पेटीत ठेवून झाली होती आणि तुम्ही मेथी निवडत होता. मी शेजारी बसून मेथी निवडू लागले. ती गोष्ट घरात कोणी कधी बोललं नव्हतं. सासूबाईंच्या तोंडून एकदा अर्धा शब्द निसटला होता, तो मी नव्या नवरीच्या भीतीने तिथेच सोडला होता. मेथी निवडता निवडता मला ते पाचवं अंडं आठवलं, मांडीवर ठेवलेले तुमचे दोन्ही हात आठवले. वाटलं, आता नको. जरा निवांत बोलू. पिल्लं निघू देत, मग एखाद्या दुपारी.

मध्ये दहा-अकरा दिवस होते, ताई. आपण रोज भेटत होतो. पाण्याची वाटी भरली, अंडी फिरवली, माझ्या भाचीच्या लग्नाच्या साड्या पाहिल्या. मी रोज वर येताना ठरवायचे. तुम्ही पुन्हा विषय काढला नाही, बहुतेक माझी वाट पाहत असाल. किंवा नसालही. एकदा सांगून मोकळ्या झाला असाल. हेही आता कळायचा मार्ग नाही.

तुम्हाला घाटावर नेलं त्या संध्याकाळी अमोल वरच्या खोलीत उभा होता. पेटीकडे बोट दाखवून म्हणाला, "काकी, ये बंद कर दूँ अब?" तुमचा मुलगा, त्याला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच येतं. तुम्हीच त्याला रागवायच्या त्यावरून. मी म्हणाले, राहू दे. त्याला बसायला जागा हवी होती, तो पेटीच्या शेजारीच भिंतीला टेकून बसला.

तिसऱ्या दिवशी घरात पाहुणे होते. मी दुपारी अंडी फिरवायला गेले तर पंखा बंद, काच थंड. कोणीतरी प्लग काढून मोबाइल लावला होता. कोणी, ते मी विचारलंही नाही. त्यांना काय माहीत? तुम्हाला नेतानाही मी इतकी रडले नव्हते. अमोल धावत आला, मला काही झालं असं समजून. मी अंडी तुमच्या शालीत घेतली होती. त्याने गरम पाण्याची पिशवी भरून आणली, पेटी सुरू केली, आकडा हळूहळू चढेपर्यंत उकिडवा बसून राहिला. मग उजेडात एकेक पाहिलं. त्याने धरली बॅटरी, मी धरलं अंडं. हलत होती. सगळी नाही, पण बहुतेक. त्या दिवसापासून तो तासातासाने मला तापमान सांगू लागला. त्याला काहीतरी करायला हवं होतं.

दहाव्याचे विधी झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंडी टिचायला लागली. अमोलने हैदराबादचं तिकीट पुढे ढकललं. काचेवर नाक टेकवून बसला, अगदी तुमच्यासारखा, आणि मला स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यावं लागलं. संध्याकाळपर्यंत तीन पिल्लं आली, दुसऱ्या दिवशी अजून दोन. आणि एक राहिलं. तसंच. चांदणीसारखी भेग, चोचीचं टोक, आणि पुढे काही नाही.

मी थांबले. पूर्ण दिवस थांबले. मला जे माहीत होतं ते बदललेलं नव्हतं. पण भेगेच्या कडेचा पडदा पांढऱ्याचा तपकिरी होत चालला होता, आणि आतला आवाज बारीक. मी काचेपाशी बसले होते आणि माझे हात मांडीवर होते. त्यांच्याकडे माझं लक्ष गेलं. मग मी उठले, हात धुतले आणि अमोलला म्हणाले, बॅटरी घे.

तुम्ही असता तर मी एवढी घाबरले नसते, असं नाही. तुम्ही असता तर दोघी घाबरलो असतो. मी कोमट पाण्यात कापूस भिजवून पडदा ओला केला, चोच मोकळी ठेवून. भेगेच्या कडेचा कवचाचा एक कपचा काढला. उजेडात पाहिलं, लाल शिरा नव्हत्या. दुसरा काढला. तिसऱ्यापाशी रक्ताचा एक बारीक ठिपका आला आणि मी तिथेच थांबले. बोट दाबून धरलं, अंडं ओल्या फडक्यात गुंडाळून परत ठेवलं. दुपार गेली. चार वाजून गेल्यावर पुन्हा पाहिलं, ठिपका वाळला होता, पुढच्या शिरा फिक्या पडल्या होत्या. मग थोडं अजून. मान सुटली तेव्हा त्याने ती जोरात मागे टाकली, आणि खालचं अर्धं कवच मी तसंच राहू दिलं. तेवढं त्याने स्वतः ढकललं.

आठवडा झाला. ते जगलं आहे, ताई. बाकीच्यांपेक्षा लहान आहे, एक पाय जरा आत वळतो, पण भिजवलेली कनकी, म्हणजे तांदळाची कणी, खायला सगळ्यांत पुढे असतं.

मला वाटलं होतं, ते जगलं की माझ्या मनातलं काहीतरी मिटेल. तसं झालं नाही. गेल्या वर्षीचं पाचवं हात लावला असता तर वाचलं असतं का, ते मला अजून ठाऊक नाही. त्या वेळी रक्त अजून शिरांत असेल. नसेलही. यावरून आपण अजून दहा वर्षं भांडलो असतो आणि मला ते चाललं असतं. मला फक्त एवढं कळतं, की त्या दिवशी तुम्ही हात मागे घेतलात तो माझ्या पुस्तकामुळे नव्हे. थांबा म्हटलं की थांबायचं, हे तुम्ही फार पूर्वी, फार मोठी किंमत देऊन शिकला होता. आणि तुम्ही "आपण" म्हणालात. तुम्हाला "तू" म्हणता आलं असतं.

अमोल काल निघाला. त्याने एकदा विचारलं होतं, आईने हे सगळं सुरू का केलं. मी अभनपूरच्या कुत्र्याची गोष्ट सांगितली. त्याच्या बहिणीची नाही सांगितली. ती सांगायची की नाही हे ठरवणाऱ्या तुम्ही होता, आणि तुम्ही ती मला सांगितली होती, त्याला नाही. तुम्ही मला का निवडलंत याचा विचार मी रोज करते.

रिक्षा दाराशी उभी होती तेव्हा तो टोपलीपाशी वाकला, त्या लहानग्याला तळहातावर घेतलं, त्याचा वळलेला पाय पाहिला. म्हणाला, "काकी, थोड़ा और रुकते तो शायद अपने आप निकल आता. पैर भी ठीक रहता."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गेल्या वर्षी मी हेच म्हणाले असते.

पण मला राग आला, ताई. अमोलवर मी आजवर आवाज चढवला नव्हता. मी म्हणाले, "काहून थांबायचं? आत ते मरून राहिलं होतं आणि आपण बाहेर बसून वाट पाहायची का? कोणी सांगितलं, थांबलं की सगळं ठीक होतं म्हणून?"

तो पाहतच राहिला. मी तशी, तुमच्या बोलीत, बोलत नाही, त्याला माहीत आहे. मीही चकित झाले. त्याने पिल्लू टोपलीत ठेवलं, माझ्या पाया पडला आणि गेला. मी फाटकाशी उभी राहिले. तुमच्या बाजूने मी अखेर भांडले होते, मोठ्याने, दारात उभी राहून, गल्लीला ऐकू जाईल असं. वरच्या मजल्याच्या खिडक्या बंद होत्या.